दम धर, बॉस!

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करायचा, मोबाइल सायलेंटवर टाकायचा आणि सुसाट गावाकडे सुटायचं. लॉंग वीकेंडचा आपला प्लॅन एवढा सिंपल असतो. यंदा आखाजीला मी तेच केलं. खान्देशाबाहेरच्या मंडळींसाठी: आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे ती दिवाळीच्या तोडीची. झाडांना झोके, माहेरी आलेल्या लेकी, खापरावरची पुरणपोळी आणि वाटीभर नव्हे, तांब्याभर आमरस!

पण या वेळी डिकीत मिठाईच्या बॉक्सशेजारी आणखी एक छोटा बॉक्स होता. त्यात होता नवाकोरा ऑक्सिजन सेन्सर. कारण गेले पंधरा दिवस माझ्या दहा वर्षं जुन्या पेट्रोल हॅचबॅकच्या डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा डोळे वटारून बघत होता. चेक इंजिन!

हा दिवा लागला की आपण काय करतो? पहिला आठवडा दुर्लक्ष. दुसऱ्या आठवड्यात 'जाईल आपोआप' अशी श्रद्धा. तिसऱ्या आठवड्यात गॅरेज. मी पुण्यातल्या एका गॅरेजात गेलो. भाऊसाहेबांनी गाडीखाली डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाले, "सेन्सर जाम आहे, निघणार नाही. काढताना आटे गेले तर अख्खा पाईप बदलावा लागेल. त्यापेक्षा दिवाच बंद करून देतो ना!"

म्हणजे ताप आला तर थर्मामीटर फोडायचा. थँक यू व्हेरी मच!

हे नाक आहे तरी काय?

थोडा फंडा क्लिअर करू. पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर अर्धवट जळलेलं पेट्रोल धूर होऊन बाहेर. हवा जास्त झाली तर इंजिन उगाच तापतं. हे प्रमाण बरोबर आहे का, हे एक्झॉस्टच्या पाईपात नाक खुपसून सतत हुंगत बसणारा पार्ट म्हणजे ऑक्सिजन सेन्सर ऊर्फ लॅम्ब्डा सेन्सर. आत झिर्कोनियाची चिनीमाती असते. ती तापली की एक्झॉस्टमधल्या आणि बाहेरच्या हवेतल्या ऑक्सिजनच्या फरकावर बारीकसं व्होल्टेज तयार करते. पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त असेल तर ०.१ च्या आसपास. हे वाचून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलचा नळ कमी-जास्त करतो.

बॉशने हा सेन्सर १९७६ साली बाजारात आणला. तो पहिल्यांदा लागला अमेरिकेत विकायच्या व्होल्वो गाड्यांना. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० साली देशभर शिसंमुक्त पेट्रोल आलं. शिसं गेल्याने सेन्सर आणि कन्व्हर्टर दोघांचाही जीव वाचला, कारण शिसं दोघांनाही मारतं. पुढे भारत स्टेजचे नियम कडक होत गेले, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, आणि हे नाक प्रत्येक गाडीचा मस्ट पार्ट होऊन बसलं.

आता गंमत अशी की हे नाक साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून त्याच्या पोटात एक छोटा हीटर असतो. तो गेला की सकाळी गाडी सुरू केल्यावर बराच वेळ कॉम्प्युटर अंदाजपंचे पेट्रोल ओततो. ऑफिस पाच किलोमीटरवर असेल तर सगळा प्रवास अंदाजपंचेच! खिशाला चाट बसते, ती वेगळी. जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्यालाही भाजतं. सेन्सर काही हजारांत येतो. कन्व्हर्टरचं बिल बघून मात्र आपल्यालाच ऑक्सिजन लागतो.

माझं निदान नेमकं हेच होतं. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावला, मोबाइलवर कोड आला: पी ०१३५. अर्थ, पुढच्या सेन्सरचं हीटर सर्किट. लगेच सेन्सर मागवू नका हं! आधी फ्यूज बघा. मग सेन्सरचा कनेक्टर सोडवून हीटरच्या दोन एकाच रंगाच्या वायरींमध्ये मल्टिमीटर लावा (बहुतेकदा त्या पांढऱ्या असतात). काही ओहम दाखवले तर हीटर जिवंत, घोटाळा वायरिंगमध्ये. माझ्या मीटरने काहीच दाखवलं नाही. हीटर खल्लास.

एन्ट्री: आबा

आमचं घर पारोळ्याला. जळगाव जिल्ह्यात, धुळ्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर. १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेला भुईकोट किल्ला ही गावाची शान, आणि बालाजीचा रथ हा गावाचा प्राण. माझ्यासाठी मात्र गावाचा लँडमार्क म्हणजे आमच्या अंगणातली आबांची हत्यारांची पेटी.

आबा, म्हणजे माझे वडील, अमळनेरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. तीस वर्षं लाल डब्याखाली झोपून काढलेली. इंजिनाच्या आवाजावरून नोझल कुठली गेली ते सांगायचे. रिटायर झाल्यापासून पेटी बंद. मी नवी गाडी घेतली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, वरचं प्लास्टिकचं झाकण बोटाने वाजवलं आणि बॉनेट बंद केलं. "यात आपल्याला काय कळणार," एवढंच म्हणाले. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या गाडीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. मीही कधी सांगितलं नाही. आपलं फोनवरचं बोलणं कसं असतं? जेवलास का, पगार झाला का, कधी येतोस. संपलं.

त्यामुळे शनिवारी सकाळी मी एकट्यानेच मोहीम हाती घेतली. काही गाड्यांत बॉनेट उघडलं की सेन्सर समोरच दिसतो. माझ्या गाडीत तो इंजिनच्या मागच्या बाजूला. हात खालूनच जातो. मी गाडीसोबत आलेला जॅक काढला, अंगणातल्या मातीवर टेकवला आणि चढवली गाडी. खाली सरकणार, तेवढ्यात पायाला ओढ बसली.

आबांनी माझा घोटा धरला होता.

"काय करी राह्यना भो?"

"सेन्सर काढतोय आबा. दोन मिनिटांचं काम."

त्यांनी वाद घातला नाही. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक स्वतः ओढून पाहिला. गोठ्यामागून बाभळीचे दोन जाड ठोकळे आणले आणि गाडीच्या साच्याखाली, जॅकच्या शेजारी, आडवे-उभे रचले. मी मनात म्हटलं, झालं, लेक्चर सुरू.

मग मी खाली गेलो. २२ नंबरचा फिक्स पाना लावला, जोर लावला. ढिम्म. पान्याच्या शेपटीत पाईपचा तुकडा घातला, पाय गाडीच्या चाकाला टेकवले आणि जिममध्ये भरलेली सगळी फी वसूल करायच्या इराद्याने हिसका मारला.

एकाच क्षणात दोन गोष्टी झाल्या. पाना सेन्सरच्या कोपऱ्यावरून सटकला. आणि त्या धक्क्याने जॅक मातीत कलंडला.

धप्प.

गाडी साधारण दोन इंच खाली आली आणि बाभळीवर बसली. इंजिनचा खालचा पत्रा माझ्या नाकासमोर थांबला. इतका जवळ, की त्याच्यावरचा सुकलेला चिखल माझ्या ओठांवर पडला.

कोणी काही बोललं नाही. मी सरपटत बाहेर आलो. आबा ठोकळ्यावर हात ठेवून उभे होते. तो हात थरथरत होता. तीस वर्षांत त्यांचा हात थरथरलेला मी पाहिला नव्हता.

आतून आईने विचारलं, "काय पडलं रे?"

"काही नाही," आबा म्हणाले. "जॅक सरकला."

चहा आणि स्ट्रॅटेजी

मग चहा झाला. दोघांनीही कपाकडे बघत प्यायला. चहा संपल्यावर आबांनी विचारलं, "हाई शे काय नेमकं?"

मी डिकीतला बॉक्स आणला. आयुष्यात पहिल्यांदाच मी आबांना गाडीतलं काहीतरी समजावून सांगत होतो. चिनीमाती, व्होल्टेज, हीटर, १४.७. त्यांनी नवा सेन्सर उन्हात फिरवून पाहिला, टोकाला असलेल्या भोकांवर नजर रोखली, आणि म्हणाले, "म्हंजे गाडीनं नाक शे हाई!"

एवढी साधी डेफिनिशन मला कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळाली नव्हती.

"आणि हे नाक का निघत नाही?" मी विचारलं. आता शिकवायची पाळी त्यांची होती. रोज तापणं, रोज थंड होणं. दहा वर्षांत हजारो वेळा. त्यात पुण्याचा पावसाळा. पोलादाचे आटे पोलादात, मध्ये गंज, आणि गंजाला जागा लोखंडापेक्षा जास्त लागते. त्यामुळे आटे एकमेकांना चावून बसतात. अशा वेळी थंड पाईपावर अचानक ताकद लावली की आटे सोलून निघतात, नाहीतर सेन्सर मोडून अर्धा आत राहतो. गॅरेजवाल्याची भीती खोटी नव्हती. उपाय चुकीचा होता.

"जोर नको करू. दम धर," आबा म्हणाले. "लोखंडले बी येळ लागस."

बॉस, हे वाक्य माझ्या ऑफिसच्या भिंतीवर लावायला हवं.

मिशन नाक

दुपारी पारा ४३ च्या पुढे होता, तेव्हा कोणी गाडीखाली जाणं शक्यच नव्हतं. जेवून झोपलो. संध्याकाळी आबांनी आधी जागा बदलली: अंगणातली माती नको, ओट्यासमोरचं सिमेंट. शेजारच्या गॅरेजातून दोन लोखंडी घोड्या मागून आणल्या. गाडी घोड्यांवर, जॅक फक्त सोबतीला. मग हाताने गाडी हलवून पाहिली. हलली नाही, तेव्हाच खाली जायची परवानगी.

पाईप गार झाल्यावर सेन्सरच्या बुडाशी, जिथे आटे आत शिरतात तिथे, गंज सोडवणारं तेल मारलं. आबांचा जुना इलाज रॉकेल. पण गरम एक्झॉस्टवर रॉकेल काय किंवा स्प्रे काय, दोन्ही पेट घेऊ शकतात. म्हणून नियम एक: तेल मारायचं ते पाईपाला हात लावता येईल इतका गार असतानाच. रात्री झोपताना पुन्हा एकदा मारलं. तेलाला आत झिरपायला रात्र दिली.

रविवारी पहाटे सहाला आबा मला उठवायला आले. हातात पेटी. उघडलेली!

गाडी घोड्यांवरून उतरवून हायवेवर एक चक्कर मारून आणली. का? तापल्यावर पाईपाचं लोखंड पसरतं आणि गंजाची पकड थोडी सैल होते. परत आल्यावर गाडी पुन्हा घोड्यांवर, मग वीस मिनिटं थांबलो. पाईप कोमट-गरम हवा, भाजणारा नको. हातात चामड्याचे मोजे, डोळ्यांना चष्मा. बॅटरीची मायनस वायर काढली, सेन्सरचा कनेक्टर सोडवला.

आता खरी ट्रिक. फिक्स पाना फक्त दोन बाजूंना धरतो, म्हणून कोपरे गोल होतात. सहा कोनांचा रिंग पाना सगळीकडून धरतो. पण सेन्सरला वायरची शेपूट असते, रिंग जाणार कशी? एक तर बाजूने खाच असलेलं खास सॉकेट आणा. नाहीतर, जुना सेन्सर फेकायचाच आहे ना? कापा वायर! (नवा सेन्सर हातात असेल तरच. आणि त्याचा कनेक्टर जुळतो, हे आधी तपासूनच. एकदा कापली की यू-टर्न नाही.)

कच्च. आबांनी पक्कड चालवली. २२ चा रिंग पाना घट्ट बसला, हातोडीने दोन टिचक्या मारून पक्का केला. आणि मग त्यांनी मला उलटंच सांगितलं.

"आधी घट्ट कर."

"आबा, काढायचाय!"

"केसभर घट्ट कर. गंज मोडू दे."

केसभर घट्ट. मग सैल करायचा प्रयत्न. हिसका नाही, एकसारखा दाब. दोन मिनिटं काहीच नाही. हात भरून आले. आबा शेजारी सिमेंटवर पालथे, त्यांचा तळवा माझ्या मुठीवर. आणि मग टक्क! असा कोरडा आवाज आला.

मला वाटलं, मोडला. आबा हसले. "सुटला."

पुढेही घाई नाही. पाव फेरा बाहेर, तेलाचा थेंब, अर्धा पाव आत. पुन्हा पाव बाहेर. जड वाटलं की मागे. किरकिर, कुरकुर, करकर करत अर्ध्या तासाने ते काळंकुट्ट नाक माझ्या तळहातावर आलं.

"निंघनं का?" ओट्यावरून आईची आरोळी. तिला म्हणे काही पत्ताच नव्हता!

नवं नाक बसवताना

काम इथे संपत नाही. भोकातले आटे बॅटरीच्या उजेडात पाहिले. दोन आट्यांत गंज होता. बहुतेक गाड्यांत हा आटा १८ मिलिमीटरचा, दीड पिचचा असतो. त्याच मापाचा टॅप ओळखीच्या लेथवाल्याकडून आणून, तेल लावून, हाताने आत-बाहेर फिरवला. लखलखीत! नव्या सेन्सरच्या आट्यांना कंपनीने करड्या रंगाची पेस्ट लावलेली असते, ती पुसायची नाही. पेस्ट नसेल तर सेन्सरला चालेल अशीच अँटी-सीझ लावा, तीही फक्त आट्यांना. टोकाला लागली तर नवं नाकही चोंदेल. सिलिकॉनचा स्प्रे तर जवळपासही नको, सिलिकॉन म्हणजे या सेन्सरला विष.

पहिले सगळे फेरे बोटांनी. पाना शेवटी. बहुतेक ठिकाणी ४० ते ५० न्यूटन-मीटर टॉर्क सांगतात, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आबांकडे टॉर्कचा पाना नव्हता. मी पुण्याहून आणला होता. तो ठरल्या ठिकाणी 'टक' वाजला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, पुन्हा एकदा टक करून पाहिलं. "आमच्या वेळेला हाच मनगटात होता," म्हणाले. पण पाना परत द्यायला त्यांना जरा वेळच लागला.

वायर पाईपाला टेकणार नाही अशी क्लिपात अडकवली, बॅटरी जोडली, कोड पुसला. एरंडोलपर्यंत जाऊन आलो. ड्रायव्हिंगला मी, शेजारी आबा, मोबाइलवर सेन्सरची रेषा वर-खाली, वर-खाली नाचत होती.

"श्वास घेतोय," आबा म्हणाले. गावात शिरेपर्यंत त्यांची नजर त्या स्क्रीनवरच होती. दिवा लागला नाही.

दुपारी पुरणपोळी हाणून मी पुण्याला निघालो. बाभळीचा एक ठोकळा आबांनी गुपचूप डिकीत टाकला होता. पुण्यात पोहोचल्यावर सापडला. तो मी बाहेर काढलेला नाही. लाल घोड्या मात्र विकत आणल्या, दोन.

आणि त्या रविवारनंतर आमचा फोन थोडा लांबला आहे. जेवलास का, पगार झाला का, कधी येतोस. आणि चौथा प्रश्न नवा: "नाक कसं आहे?"

जाता जाता... फ्रिजवर लावा!

◆ दिवा बंद करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कोड वाचा, फ्यूज बघा, हीटर मोजा, मगच खर्च.

◆ नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जायचं नाही. सिमेंटची जागा, चाकांना दगड, खाली घोड्या. हलवून बघा, मग झोपा.

◆ तेल गार पाईपावर आणि रात्रभर. पाना कोमट-गरम पाईपावर.

◆ रिंग पाना किंवा खाचेचं सॉकेट. आधी केसभर घट्ट, मग सैल. आत-बाहेर, आत-बाहेर.

◆ अर्ध्या तासात हललाच नाही, कोपरे गोल झाले, किंवा आटे सोलायला लागले तर थांबा. वेल्डिंगवाला मेकॅनिक गाठा. हार मानण्यात इज्जत जात नाही, पाईप मात्र वाचतो.

◆ घरात कोणाची जुनी हत्यारांची पेटी बंद पडली असेल, तर तीसुद्धा जाम झालेलीच असते. जोर लावू नका. मदत मागा. सुटते.